हातानं आवळलेले नट

रविवारी सकाळी सिताराम खिल्लारे अंगणातल्या ट्रकखाली शिरला, की गावाला त्याचे फक्त पाय दिसत. लोकांना त्या पायांशी बोलायची सवय होऊन गेली होती. लग्नाची पत्रिका वाटणारा माणूससुद्धा पत्रिका पायांजवळ ठेवी, वर दगड ठेवी आणि "काका, यायचं बरं का" असं पायांना सांगून पुढं जाई.

गाव देवगाव फाट्याच्या अलीकडचं. आठवडाभर सिताराम सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. रविवार गाडीचा. गाडी म्हणजे पुढं लांब नाक असलेला जुना ट्रक. असल्या गाड्या रस्त्यावरून केव्हाच गेल्या. एखादी धाब्यामागं बाभळीत अडकलेली दिसते, तेवढीच. ही गाडी मुळात गावातल्याच आबासाहेबांची. घरी जमीन होती, पण त्यांचं मन शेतात नव्हतं. ते स्टिअरिंगवर बसले आणि मिसरूड न फुटलेल्या सितारामला त्यांनी क्लीनर म्हणून सोबत घेतलं. हळद, तूर, सरकी घालून दोघं हैदराबादपर्यंत जात. वाटेत गाडी बंद पडली तर मिस्त्री शोधायचा नाही, स्वतः खोलायची, हा आबासाहेबांचा कायदा. सिताराम जे शिकला ते तिथं, उन्हात, रस्त्याच्या कडेला. अजूनही तो त्यांना वस्ताद म्हणे आणि ते त्याला शित्या.

त्या काळी जयंतीच्या मिरवणुकीला गाडी द्यायला गावात कोणी राजी नसे. एका वर्षी आबासाहेबांनी कुणाला न विचारता ट्रक बौद्धवाड्याच्या तोंडाशी आणून लावला आणि म्हणाले, "शित्या, धू. तसबीर ठिवायला फळी ठोक." घरच्यांनी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांनी पुढच्या वर्षीही गाडी आणली. गाडी थकेपर्यंत आणली. मग ती थांबली, आणि आबासाहेबांनी ती सितारामच्या अंगणात ढकलून आणवली. "मला चालवता येती," ते म्हणाले, "तुला जगवता येती. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून सितारामचे रविवार त्या गाडीत गेले. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उतरवून पुन्हा बसवले. केबिनचं कुजलेलं लाकूड काढून बाभळीचं घातलं. ब्रेक सुधारले, दिवे बदलले. न मिळणारा भाग जिनिंगच्या लेथवर स्वतः घडवला. घाई कधी केली नाही आणि अर्धवट काही सोडलं नाही.

त्याची बायको सत्यशीला हिनं बचत गटाकडून पिठाची गिरणी मागितली होती, ती मंजूर झाली होती. गिरणीला शेड हवं, शेडला जागा हवी, आणि जागेवर ट्रक होता.

"मी तुमाला आडवी आले का कधी?" ती म्हणाली. "पण आता सांगते. या जयंतीला गाडी आपल्या पायानं फाट्यापर्यंत गेली, तर शेड मी माळवदावर बांधीन. न्हाई गेली तर भंगारवाल्याला बोलावणार."

"माळवदावर गिरणी?"

"तुमी अंगणात ट्रक ठिवला. मी माळवदावर गिरणी ठिवली तर काय बिघडलं?"

सिताराम हसला आणि कबूल झाला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तेवढं बसवायचं राहिलं होतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात जिनिंगमध्ये एक गोष्ट घडली होती. प्रेसचं झाकण बसवून त्यानं नट आवळले आणि पाना खाली ठेवला. मागून आलेल्या एका फिटरनं सहज म्हणून त्याच नटाला पाना लावला. नट फिरला. चांगला फिरला. त्यानं तो नीट आवळला आणि पुढं गेला. पुढच्या आठवड्यापासून सितारामला ग्रीस भरायचं काम मिळालं. उजव्या हाताची बोटं कधीकधी बधिर पडत, ते त्याला माहीत होतं. पण आटे झिजले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि घरी काही सांगितलं नाही.

हेड बसवायच्या रविवारी आबासाहेब नेहमीप्रमाणे आले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळे. घरापासून काठी टेकत येत आणि लिंबाखालच्या बाजेवर बसत. फाट्यावर गॅरेज चालवणारा पप्पू मुद्दाम आला होता. त्याच्या हातात माप दाखवणारा पाना होता. ठरलेला जोर आला की तो कट् करतो.

"काका, ह्यानं आवळा. समदे नट सारखे बसतील."

"कसला पाना हाय?" आबासाहेबांनी विचारलं.

"माप सांगणारा, आबा."

"मंग लय शिकलेला दिसतो. त्याला म्हणावं बस बाजंवर, च्या घे."

पप्पू हसला, तरी त्यानं पाना पुढं धरून ठेवला. सितारामनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. त्या क्षणी त्यानं तो घेतला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण बाजेवर वस्ताद बसले होते. हेडचे नट हातानं आवळायचे, ही त्यांची शिकवण. मधून सुरुवात करायची आणि कडेला जायचं. एका दमात आवळायचं नाही, फेऱ्या करायच्या. शेवटच्या फेरीला डावा तळवा इंजिनावर ठेवायचा, श्वास धरायचा आणि मनगट सांगेल तिथं थांबायचं. दांड्याला पाईप लावून जोर वाढवायचा नाही. पाईप मागितला की आबासाहेब म्हणत, "त्यापरीस बैल जुंप की पान्याला."

"ऱ्हाऊ दे, पप्पू," सिताराम म्हणाला. "ह्या गाडीला हाताची सवय हाय."

त्यानं मधून कडेला नट आवळत नेले. घाम आला, दंड भरून आला. शेवटच्या फेरीत मनगटानं थांब म्हटलं, तिथं तो थांबला. जोर लावल्याचं समाधान पुरेपूर मिळालं. एवढा जोर लावला म्हणजे नट बसलाच असणार, असं त्याला वाटलं.

इंजिन चालू झालं तेव्हा सत्यशीला कणकेच्या हातानं बाहेर आली. आबासाहेब बाजेवरून उठून उभे राहिले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"शित्या, शिट्टी ऐकू येती का रे बारीक?"

"पट्टा नवा हाय, वस्ताद. घासतो जरा."

"आसंल," ते म्हणाले.

जयंतीच्या संध्याकाळी ट्रकवर निळी पताका चढली, मागं फळीवर दोन्ही तसबिरी बसल्या. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पुढं, डीजेचा ट्रॅक्टर मागं. सिताराम स्टिअरिंगवर आणि शेजारी नवा सदरा घातलेले आबासाहेब. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून भाजत होतं. मिरवणूक पावला-पावलानं सरकत होती. पहिल्या गिअरमध्ये, नाचणाऱ्या पोरांच्या मागं इंजिन तापत गेलं.

शाळेच्या वळणावर पांढरा धूर आला. आधी थोडा, मग इतका की मागच्या तसबिरी दिसेनात. कुणीतरी ओरडलं, "काका, डासाची फवारणी ग्रामपंचायतीची हाय का तुमची?" पोरं हसली. इंजिननं दोन आचके दिले आणि ते आतून अडकलं. सितारामनं सेल्फ मारला. नुसता टक् आवाज आला. त्यानं पुन्हा मारला.

"शित्या, मारू नको," आबासाहेब हळू म्हणाले. "पाणी शिरलंय आत."

डीजे थांबला. तसबिरी घेऊन निघालेली गाडी अर्ध्या वाटेवरून मागं वळवायची नसते, म्हणून पोरांनी ट्रॅक्टर पुढं आणला आणि साखळी बांधली. सिताराम स्टिअरिंग धरून बसून राहिला. गाडी फाट्यापर्यंत गेली, साखळीच्या मागं, मुकाट. डीजे पुन्हा वाजायला लागला, आणि खरं तर बहुतेक लोक ते वळण विसरूनही गेले.

फाट्यावर सत्यशीलानं केबिनमध्ये पाण्याचा तांब्या दिला. आधी आबासाहेबांना, मग त्याला.

"गेली की फाट्यापर्यंत, काकू!" पप्पू म्हणाला. "शब्द म्हंजे शब्द."

"ओढत गेली," सिताराम म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं पप्पूकडून तो माप सांगणारा पाना मागून आणला. आबासाहेब यायच्या आत काम उरकायचं म्हणून तो सकाळीच बसला. हेड खोलण्याआधी त्यानं प्रत्येक नट त्या पान्यानं आवळून पाहिला. पहिला फिरत गेला, फिरत गेला आणि मग कट् झालं. दुसरा त्याहून जास्त फिरला. मधले थोडे बरे होते. कडेचे, शेवटी आवळलेले, हात थकल्यावर आवळलेले, ते नट ढिले म्हणावे असेच होते. मग त्यानं हेड उचललं. पाणी अडवणारं मधलं गॅस्केट कडेनं जळून काळं पडलं होतं. खालचा नळ सोडला तर पाणी मिसळून ताकासारखं पांढरं झालेलं ऑइल आलं.

आटे झिजले असं आता म्हणता येत नव्हतं. आटे चांगले होते. जिनिंगमधलेही चांगलेच असणार.

आबासाहेब आले. त्यांनी बोटांनी गॅस्केट चाचपलं. "माल हलका," ते म्हणाले. "आजकाल समदंच हलकं. तुझा हात मला ठाऊक हाय."

सितारामनं पप्पूचा पाना पोत्याखाली सरकवला.

सत्यशीला चहा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "बिघडलं तर बिघडलं. नीट करा परत. दिवाळीपर्यंत गिरणी थांबती. माझं काय वाहून चाललं न्हाई."

"न्हाई," सिताराम म्हणाला. "बोलाव भंगारवाल्याला."

"मीच म्हणते ना थांबा म्हणून?"

"नीट कुणी करायची?"

तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. तो आपली बोटं एकमेकांवर घासत होता, काही चिकटलं असल्यासारखी. तिनं चहाचा कप त्याच्या डाव्या हातात दिला.

भंगारवाले गॅस कटर घेऊन आले. सितारामनं त्यांना बाजूला उभं केलं. "कापायची न्हाई. मी खोलून देतो. एकेक भाग नीट निघंल." ते बिड्या ओढत उभे राहिले. तो पाट्यांच्या नटापाशी बसला. हे नट त्यानं फार वर्षांपूर्वी आवळले होते, पहिल्याच उन्हाळ्यात, हातात जोर होता तेव्हा. त्यानं पाना लावला, पाय चेसिसला टेकवला आणि ओढलं. नट हलला नाही. त्यानं ऑइल सोडलं, थोडं थांबला, पुन्हा ओढलं. पाना निसटला, बोटांची सालं निघाली. ते त्याला रक्त दिसल्यावर कळलं. दुसरा नट पाहिला. तिसरा पाहिला. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पान्याच्या दांड्याला पाईप घातला. तरी नट जागचा हलला नाही.

"काका, दिवस जाईल," भंगारवाला म्हणाला. रागानं नाही.

सिताराम उठून बाजूला झाला. कटरची निळी ज्योत लागली आणि नट लाल होऊन मऊ पडले.

लिंबाखालून आबासाहेबांनी विचारलं, "कटर लावला का रे? तू खोलणार होतास न्हवं?"

"खुलंनात, वस्ताद."

"कुणी एवढे आवळलेत?"

"म्याच," सिताराम म्हणाला.

आबासाहेब खूश होऊन हसले. बाजेवर हात आपटत म्हणाले, "मंग कसे खुलतील!"

सिताराम त्यांच्याजवळ जाऊन बसला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले आणि लांब नाक केबिनपासून वेगळं होऊन जमिनीवर पडेपर्यंत तिकडं बघत राहिला.