टी-शर्टावरचे मामा

तेलाच्या घाण्याला टी-शर्ट कशाला लागतात, हे मला सगळ्यात आधी आमच्या सासूबाईंनी विचारलं. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. मी म्हटलं, आत्या, प्रदर्शनात स्टॉल लावला की सगळ्यांच्या अंगावर एकसारखा कपडा पाहिजे, म्हणजे लोकांच्या ध्यानात राहतं. सोलापूरच्या एका प्रदर्शनात मध विकणाऱ्यांचे पिवळेजर्द टी-शर्ट बघून आले होते, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. आत्या म्हणाल्या, "मग त्यावर तुज्या मामांचा फोटू टाक."

मी लगेच हो म्हणाले. घाणा मूळचा मामांचाच. आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. जुन्या गावात मामांचा बैलाचा घाणा होता. नव्या गावातही त्यांनी तो काही वर्षं चालवला, पण दुकानात पिशवीतलं तेल आलं आणि घाणा बसला. मामा गेल्यावर मी आणि नवऱ्यानं मोटरवर चालणारा लाकडी घाणा टाकला. करडीच्या तेलाची पहिली धार पडली तेव्हा आत्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडं कधी काही मागितलंच नव्हतं. लुगडंसुद्धा आपण होऊन आणलं तर घ्यायच्या. फोटोचं हे पहिलं मागणं होतं.

आता फोटो म्हणाल तर एकच. जुने होते ते भूकंपाच्या ढिगाऱ्यात गेले. पुढं मोबाइल आले, पण कॅमेरा दिसला की मामा तोंड फिरवून उठून जायचे. मी एकदा लांबून, त्यांना पत्ता लागू न देता एक काढला होता. दारात बाजेवर बसलेले, टोपी मागं सरकलेली, उन्हामुळं एक डोळा बारीक. माझा तेव्हाचा मोबाइल साधा, त्यामुळं फोटो धूसर आला होता. तोच मी सोलापूरच्या एका छपाईवाल्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा नमुना आला. बघते तर काय, मामांच्या अंगात कोट, गळ्यात टाय, डोक्यावरची टोपी गायब आणि तिथं काळेभोर केस. रंग तर असा उजळ की मामा उभ्या जन्मात उन्हात गेलेच नसतील. मी हसत हसत आत्यांना दाखवायला गेले. त्यांनी मोबाइल आधी लांब धरला, मग जवळ आणला.

"कोण सायेब हाय ह्यो?"

माझं हसू तिथंच विरलं. मी त्या छपाईवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, सगळे असंच करून घेतात. गेलेल्या माणसाला आम्ही कोट घालतोच."

"जिवंतपणी ज्यांनी कोट घातला नाही, त्यांना आता कशाला उकडवता?" मी म्हटलं.

"मग फेटा बांधू का?"

मी फोन ठेवून दिला. ठेवला नसता तर आणखी काहीबाही बोलून बसले असते. माझं तोंड असं आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. लातूरच्या एकाला विचारलं, तर तो शंभर नगांच्या खाली बोलायलाच तयार नाही. आम्हाला पाहिजे होते वीस. वीस म्हटल्यावर त्याचा आवाजच पडला. शिवाय फोटोऐवजी चार रेघांचं चित्र काढू, तेच आता चालतं, असा सल्ला त्यानं फुकट दिला.

नवरा म्हणाला, "फोटो राहू दे, नुसतं घाण्याचं नाव टाकू." मीही कंटाळले होते, अर्धीमुर्धी कबूलच झाले होते. पण आत्या रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायच्या, "झालं का गं?" एकदा वैतागून मी म्हणाले, "आत्या, फोटोचं एवढं काय घेऊन बसलात?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मला आता त्यांचं तोंड आठवना गेलंय," त्या म्हणाल्या. "खोकला ऐकू येतोय, चालणं ऐकू येतंय. तोंडच तेवढं येत न्हाय."

मला इतकं वाईट वाटलं की मी उठून चुलीपाशी जाऊन उगाच भांडी हलवत बसले. साठ वर्षांच्या संसाराचं माणूस, आणि त्याचा चेहरा हातातून निसटत चाललाय. आणि मी म्हणे, एवढं काय घेऊन बसलात.

त्याच आठवड्यात घाण्याच्या मोटरचा पट्टा आणायला मी आणि नवरा नळदुर्गला गेलो. हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून टी-शर्ट छापणाऱ्याचं एक दुकान दिसलं. दारात क्रिकेटच्या संघांचे कपडे टांगलेले. आत जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक चाचा बसले होते. मी मोबाइल पुढं केला. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला.

"बेटी, ह्यांना कोट नको ना?"

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले. "काहीच नको चाचा. आहेत तसे पाहिजेत."

"टोपी मागंच राहू द्यायची, डोळा बारीकच राहू द्यायचा. बराबर?" ते म्हणाले, आणि मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. "पण फोटो लई लांबून काढलाय. मोठा केला की तोंड पुसट होणार. दुसरा असेल तर द्या."

दुसरा नव्हता. जेवढं येईल तेवढं छापा, असं मी सांगितलं. पांढरा कपडा घेऊ नका, तुमचं तेलाचं काम, असं त्यांनीच सुचवलं, म्हणून गडद हिरवा घेतला. आठ दिवसांनी वीस टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन आम्ही घरी आलो.

आत्या वाट बघत ओट्यावरच बसल्या होत्या. मी एक टी-शर्ट त्यांच्या मांडीवर पसरला. टोपी मामांची, खांदे मामांचे, बारीक डोळाही मामांचाच. पण चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत, एक सुरकुती नाही. चाचांनी आधीच सांगितलं होतं, त्यांचा काही दोष नव्हता. आत्यांनी त्यावरून हात फिरवला, "चांगलं झालंय" म्हणाल्या आणि घडी घालून तो फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. मला ते त्यांच्या रोजच्या विचारण्यापेक्षा जड गेलं.

धंद्याला मात्र टी-शर्ट लाभले. धाराशिवच्या प्रदर्शनात लोक थांबून विचारायचे, हे आजोबा कोण? मग मी घाण्याची सगळी कथा सांगायचे, आणि कथा ऐकून घेतलेला माणूस बाटली घेतल्याशिवाय जात नसे. आमचे हेसुद्धा, आधी नाक मुरडणारे, आता टी-शर्ट घातल्याशिवाय स्टॉलवर उभे राहत नव्हते.

मग करडीची काढणी आली. करडीला काटे फार, म्हणून बाया साडीवरून घरातल्या पुरुषांचे जुने शर्ट चढवतात. आत्या मामांचा एक शर्ट वर्षानुवर्षं वापरत होत्या, तो त्या साली खांद्यात फाटला. वय झालं तरी काढणीला बांधावर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी फळीवरचा टी-शर्ट काढला आणि लुगड्यावरून घातला. रोज घामानं भिजायचा, रोज संध्याकाळी धुतला जायचा.

काढणी उरकली त्या दिवशी मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, तर हा टी-शर्ट हाताला लागला. छपाईला सगळीकडं तडे गेले होते. माझा पारा चढला. तिथूनच चाचांना फोन लावला आणि सुनावलं, "चाचा, दोन महिने नीट वापरला नाही तोवर फुटला की हो तुमचा फोटो."

"दगडावर आपटलं काय, बेटी?"

"मग काय मांडीवर घेऊन धुवायचं?"

ते हसले. म्हणाले, "घेऊन या. नवीन छापून देतो, फिकर करू नका."

आत्या ओट्यावर करडी पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, माझ्या हातातला टी-शर्ट घेतला आणि परत जागेवर जाऊन बसल्या. तो मांडीवर पसरून बघत राहिल्या. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत बारीक बारीक तडे, कपाळावर आडवे, गालावर उभे. आत्यांचं बोट एकेका तड्यावरून हळूहळू फिरत होतं. हनुवटीपाशी येऊन ते थांबलं.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या.

"अहो आत्या, ते नवीन देतायत."

"नगं. आत्ता कुठं आले बग ते."

चाचा फोनवर हॅलो हॅलो करत होते. मी त्यांना कसंबसं एवढंच म्हणाले की नंतर करते. आत्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर पुढं ओढला आणि डोक्यावरून नीट घेतला, मामा घरात आले की घ्यायच्या तसा.