सुटलेली पुरवणी

शिंपीणबाईला सगळे दुहेरीगाठ म्हणत. ती बटण लावायची ते असं, की शर्ट फाटेल पण बटण जागचं हलायचं नाही. गिऱ्हाइकं तिची भरपूर चेष्टा करायची. एकजण तर म्हणाली, "बाई, बटणं अजून धडधाकट आहेत, त्यांना आता नवीन शर्ट शिवा!" शिंपीणबाई हसून घ्यायची. एकेरी गाठ मारून दोरा तोडणं तिच्या हाताला जमायचंच नाही, आणि त्याचं कारण तिने बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण होतं शाळेच्या शेवटच्या परीक्षेतला गणिताचा पेपर. उत्तरपत्रिका भरली म्हणून तिने जादा कागद, म्हणजे पुरवणी, मागून घेतली. तीही गच्च भरली आणि घंटा होताच घाईघाईने दोऱ्याने बांधून दिली. निकालात गणितात दांडी गुल! "माझी पुरवणी सुटून पडली असेल, नाहीतर मोजायची राहिली असेल. जरा विचारून याल का?" असं ती वडिलांना म्हणाली. एकदाच म्हणाली.

"नापास झालं की सगळ्यांच्याच पुरवण्या सुटतात," आप्पा म्हणाले. घर हसलं. तीही हसली. मग ती शिलाई मशीनवर बसली ती बसलीच.

मशीनवर तिचं बरं चाललं, यात खोटं काही नाही. पण शाळेचे गणवेश शिवायला आले की मापं घेताघेता ती पोरींना विचारायची, "गणित आवडतं का गं?" उत्तर काहीही आलं तरी पुढचं माप घ्यायला वळायची. पुढे पुढे तर तिलाही वाटू लागलं, की आपणच ढ असू. तसं मानलं की निदान झोप लागायची.

यंदा तिच्या लेकीचा निकाल लागला. बाकी विषयांत झकास, आणि गणितात कशीबशी काठावर पास. लेक तोंड पाडून कोपऱ्यात बसली.

"जाऊ दे आई. माझंच चुकलं असेल."

हे ऐकलं मात्र, शिंपीणबाईने चालतं मशीन थांबवलं.

"पुरवणी घेतली होतीस?"

"हो."

"गाठ कशी मारलीस?"

"तू शिकवलीस तशी, दुहेरी. सुपरवायझर बाई म्हणाल्या, पेपर बांधतेस की गाठोडं?"

"मग ऊठ. चपला घाल."

परीक्षेच्या कार्यालयात जिन्याखाली फेरतपासणीची खिडकी होती. तिथे त्यांनी अर्ज दिला आणि काही आठवड्यांनी बोलावणं आलं. कारकुनाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स पुढे सरकवली. पुरवणी कुठेही सुटली नव्हती. तिच्यावरच्या एकेका गणिताला मार्कही दिलेले होते, फक्त पहिल्या पानावरच्या बेरजेत ते धरायचे राहून गेले होते.

"राहतं कधी कधी," कारकून म्हणाला. "विचारलंत म्हणून सापडलं. येईल दुरुस्त होऊन."

लेकीने तिथेच उडी मारली. शिंपीणबाईचे डोळे भरले, ते आनंदाने असं लेकीला वाटलं. आनंद होताच. पण आपणच ढ होतो, हे इतकी वर्षं अंगावर घेतलेलं पांघरूण कुणीतरी खसकन ओढलं होतं. गाठ पक्की असूनही पुरवणी हरवते, आणि नुसतं विचारलं तरी सापडते! लेक पाणी प्यायला गेली तशी ती पुन्हा खिडकीशी वाकली.

"अहो, जुनी असली तर मिळते का बघायला?"

"किती जुनी?"

तिने साल सांगितलं. कारकून हसला नाही. "ताई, त्या कधीच रद्दीत गेल्या. लगदा झाला त्यांचा."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "असंच विचारलं."

घरी आप्पा दारात खुर्ची टाकून वाट बघत बसले होते. लेकीने धापा टाकत सगळं सांगितलं, त्यांच्याकडून पाठीवर थाप घेतली आणि मैत्रिणींकडे पळाली.

"म्हणजे खरंच मोजायची राहते पुरवणी?" आप्पांनी विचारलं.

"राहते कधी कधी."

"तू म्हणाली होतीस."

त्यांच्या हे लक्षात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. "म्हणाले होते," ती हळूच म्हणाली.

आप्पा खुर्चीला धरून उठले आणि काठी शोधू लागले. "उद्या मला ने त्या खिडकीशी. तुझंही विचारून येऊ. बाप स्वतः आलाय म्हटल्यावर बघतील की काढून."

रद्दी हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला. तेव्हा तिला एवढंच तर हवं होतं, की आप्पांनी उठावं आणि जाऊन विचारावं.

"जाऊ या की, आप्पा," ती म्हणाली. "आधी तो शर्ट काढून द्या. वरचं बटण लोंबतंय तुमचं."

सुईत दोरा ओवायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला.