गयाबाईंचं हूं

काल जुन्या कॅसेटची डबी उघडली, तर झाकणात कापसाचा चिमूटभर पुंजका अडकलेला दिसला. लगेच मोहगावचं ते अंगण आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

ऐंशीच्या दशकात देशोदेशीच्या परीकथांवर माझा प्रबंध चालला होता. मेलेली मुलगी झाड होऊन बोलते, ही गोष्ट मला परदेशी पुस्तकांत सापडली होती. आपल्याकडचीही हवी होती, आणि ती मोहगावच्या गयाबाईंना येत होती. म्हणून पांढुर्ण्याहून बस बदलत त्यांच्याकडे गेले.

कापसातला पाचोळा वेचत त्यांनी सुरुवात केली. शेजारी बसलेली सून दर वाक्याला "हूं" म्हणू लागली. रेकॉर्डिंग खराब होईल म्हणून मी तिला गप्प केलं.

गोष्टीतल्या झाडाला पहिली कळी आली आणि गयाबाई थांबल्या. "हूं म्हन ना व बाई."

मी टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं.

"त्या डब्ब्याले सांगून राहिली का मी? कोनी हूंच नाई म्हनत, त गोष्ट पुढं जाईन कशी?"

"तुम्ही सांगा हो, मी ऐकतेय!" मी वैतागून म्हटलं.

त्यांनी हातातला कापूस टोपलीत टाकला आणि त्या उठून गेल्या.

काल ती कॅसेट लावली. कळी आली, गयाबाई थांबल्या, आणि मी रिकाम्या खोलीत मोठ्याने "हूं" म्हटलं. टेपमधून त्यांचं बोलणं आणि मागोमाग माझाच वैतागलेला आवाज आला. मग नुसती खरखर.

प्रबंधात माझी तळटीप अजून तशीच आहे : "कथा अपूर्ण. सांगणाऱ्या बाईंना पुढचे आठवत नाही."