फ्यूज काढून पाहायची रीत
मी माझ्याच हातानं कीबोर्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून टाकला, तोही सासऱ्यांचा अर्ज सेव्ह न करता. काल गल्लीतल्या विजेच्या डीपीवर वायरमन चढलेला पाहिला आणि ते आठवलं. तेव्हा निंबोल्याच्या शेतातली सासऱ्यांची केळी वाऱ्यानं आडवी झाली होती आणि तहसीलीत भरपाईचा अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता. केळीच्या चिकानं डागाळलेल्या सदऱ्यात सासरे शेजारी बसून सांगत होते, मी टाइप करत होतो. मध्येच माऊस अडखळू लागला. कॉम्प्युटरवरचं लिनक्स कोणकोणते ड्रायव्हर वापरतंय ते बघावं म्हणून यादी काढली, तर नुसती नावंच नावं. कुठलं कशाचं, काही कळेना. मग मी सासऱ्यांना सांगून शेतातली रीत लावली. कुणाची मोटर कुठल्या फ्यूजवर आहे ते समजत नसलं, की डीपीतला एकेक फ्यूज काढून पाहतात ना, तशी. तिसरं नाव काढलं आणि माऊस, कीबोर्ड दोन्ही गप्प. ड्रायव्हर परत घालायची कमांड मला तोंडपाठ होती, पण टाइप कशानं करणार? कॉम्प्युटर बंद करावा तर अर्ज गेला. त्या यादीच्या मागून अर्धा अर्ज दिसत होता, तेवढा मी पेनानं उतरवायला घेतला. सासरे म्हणाले, “जवाईबापू, बाकी सब ठीक, पण आमच्या डीपीजवळ कधी फिरकू नका.”