सायलेन्सरचे तीन क्लॅम्प

ये गं, अशी इकडे सरकून बस, आणि तो मोबाइल पालथा ठेव. कुकरची रिंग तिसऱ्यांदा चुकीची मागवलीस म्हणे, तीही फोटो बघून. उद्या परीक्षा पास होऊन अख्खा जिल्हा सांभाळायला निघालीस आणि साधी रिंग आणता येत नाही? रागावत नाही मी. उलट तुझ्या रिंगमुळे माझ्या नोकरीतली एक केस अशी डोळ्यांपुढे उभी राहिली की म्हटलं, लिहूनच काढावी. तुझ्याबरोबर आणखी चार जण वाचतील. नावं मात्र कुणाची विचारू नकोस.

मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याची प्रभारी होते. सोमवारी संध्याकाळी हजेरी आटोपून चहा हातात घेतला, तेवढ्यात एक गृहस्थ आले. आपल्याकडचेच, केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म काढलेले, आता निवृत्त. त्यांच्या वडिलांची जुनी इंग्रजी गाडी होती, माझ्याहूनही वयानं मोठी. दुपारी ते गावाकडच्या पाहुण्यांबरोबर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये जेवायला गेले होते. परत येऊन गॅरेज उघडलं, तर आत नुसते तेलाचे डाग. गाडी गेली, आणि कुलूप जसंच्या तसं.

एफआयआर लिहून घेताना मी विचारलं, दुसरी किल्ली कुणाकडे असते? म्हणाले, मिस्त्रीकडे. म्हणजे त्या गाडीचं काम तीस वर्षं बघणारा मेकॅनिक. आणखी कुणाकडे? कुणाकडेच नाही, असं ते म्हणाले, पण चष्मा पुसत म्हणाले. तो चष्मा माझ्या नजरेतून सुटला, ही माझी पहिली चूक.

शेजाऱ्यांनी दुपारी टोइंगची क्रेन पाहिली होती. गाडी दुरुस्तीला चालली असेल, मिस्त्रीनंच मागवली असेल, असं समजून कुणी विचारलं नाही. कॅमेऱ्यात क्रेन दिसत होती, नंबरप्लेटवर चिखल फासलेला. मंगळवारी सकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. कश्मीरी गेटच्या पार्ट्सच्या बाजारात एक म्हातारा जुन्या इंग्रजी गाडीचे पार्ट पिशवीत घेऊन दुकानोदुकान फिरतोय. आम्ही गेलो. तो मिस्त्रीच निघाला. पिशवीत गंजलेले तीन क्लॅम्प. सायलेन्सरचा पाइप गाडीखाली आवळून धरतात ना, त्या लोखंडी पट्ट्या.

आता मला सांग, गाडी चोरीला गेलेली, किल्ली याच्याकडे, आणि त्याच गाडीचे पार्ट याच्या पिशवीत. मी काय समजणार? माझा सब-इन्स्पेक्टर तर अटकेचे कागद काढायलाच बसला होता. म्हणाला, मॅडम, केस एका दिवसात बंद.

गाडी चोरीला गेल्याचं कळल्यावर मिस्त्री बाकावर मट्‌कन बसला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, स्टार्ट करके ले गए या उठा के?"

सब-इन्स्पेक्टर म्हणाला, "बघा, कसा अंदाज घेतोय."

तास दोन तास चौकशी चालली. त्याचं म्हणणं सरळ होतं. सोमवारी सकाळी त्यानं सडलेले क्लॅम्प काढले, पाइप तारेनं बांधून ठेवला, त्यावर उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारला आणि ते क्लॅम्प नमुना म्हणून घेऊन बाजारात आला. सोमवारी मिळाले नाहीत, म्हणून मंगळवारी परत आला. मी म्हटलं, एवढ्याशा पट्टीसाठी दोन दिवस? त्यानं माझ्या टेबलावर एक क्लॅम्प ठेवला. तो पाइप पावणेदोन इंची. आजचे क्लॅम्प मिलिमीटरच्या मापाचे, एक चढत नाही, दुसरा ढिला बसतो. त्यात याला बाजूला एक कान आहे, त्याला पाइप लटकतो, तसा कान आता कुणी काढत नाही. म्हणून नमुना हातात घेऊनच फिरावं लागतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला बघ. अगं, मी स्वतः कुकरची जुनी रिंग पिशवीत टाकून दुकानात जाते. बांगड्या भरायला जाताना जुनी बांगडी नेते. घरातली बाई जे रोज करते, तेच या माणसानं केलं, आणि वर्दी अंगावर असल्यामुळे मला ते दिसलं नाही. चोरीचा माल म्हणून मी जो पंचनाम्यात लिहायला निघाले होते, तो नमुना होता.

पण एका ठिकाणी तो अडला. मी विचारलं, तुझ्याशिवाय किल्ली कुणाच्या हातात गेली होती? तो क्लॅम्प पुसत राहिला. पुन्हा विचारलं. म्हणाला, "ये बात साहब से पूछिए।"

साहेब तर कुणाकडेच नाही म्हणत होते. सब-इन्स्पेक्टरनं त्याला चांगलंच सुनावलं: अरे, उद्या चोर म्हणून शिक्का बसला, तर दिल्लीत तुझ्या हातात गाडीची किल्ली कोण देईल? मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याचा सगळा धंदाच त्यावर. लोक किल्ली देतात आणि विश्वासानं निघून जातात. तरी नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "चोर मैं बता नहीं सकता। पर वो आएगा कहाँ, ये बता सकता हूँ।"

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मी वही बंद केली. तारेवर बांधलेला पाइप. गाडी सुरू केली असती तर अख्खी गल्ली बाहेर आली असती. कुणी ऐकलं नाही, म्हणजे क्रेननं उचलून नेली. पण अशी गाडी कुणी भंगारात घालत नाही, विकतो. विकायची तर गिऱ्हाइकापुढे सुरू करून दाखवावी लागणार. सुरू करायची तर क्लॅम्प हवेत. आणि नमुना माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. तो मापच घेऊन येईल, आणि असे पार्ट ठेवणारी बाजारात तीनच दुकानं आहेत.

मी त्याला अटक केली नाही. जबाब नोंदवला, घरी पाठवला. वरिष्ठांचा फोन आला, का थांबलात? म्हटलं, सर, शुक्रवारपर्यंत वेळ द्या, जबाबदारी माझी. रात्री जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला सांगू.

तिन्ही दुकानदारांना मी स्वतः भेटले. पोलिसांसाठी तोंड वाकडं करणारे ते लोक, पण मिस्त्रीचं नाव काढल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. गुरुवारी दुपारी एकाचा फोन आला. एक माणूस क्लॅम्प विचारायला आला होता, मापासाठी गाठ मारलेला दोरा घेऊन. दुकानदार हुशार. दोरा ठेवून घेतला आणि म्हणाला, उद्या अकराला या, गोदामातून काढून ठेवतो.

मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोरा पट्टीवर धरला. गाठीपर्यंत बरोबर साडेपाच इंच, म्हणजे पावणेदोन इंची पाइपचा घेर. मग दोरा उजेडात धरून बोटानं चोळला. बोटाला चंदेरी लागलं. म्हणाला, हा रंग इंजिन तापल्याशिवाय पक्का होत नाही, मॅडम. आपली गाडी अजून सुरूच झालेली नाही.

मालकांची गाडी गं. पण तो 'आपली' म्हणाला.

शुक्रवारी अकराला माणूस आला, क्लॅम्प म्हणून मिळाले ते घेऊन निघाला, आणि आमची साध्या वेशातली दोन माणसं मागे. तो थेट हरियाणात, मानेसरच्या पुढे एका शेडमध्ये गेला. आत ताडपत्रीखाली गाडी, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला जुन्या गाड्यांचा एक दलाल. पंचांसमोर जप्ती झाली. मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला, तार बघितली, बाहेर येऊन म्हणाला, गाठ माझीच आहे.

दलालानं फार वेळ घेतला नाही. किल्ली कुठून आणली म्हटल्यावर म्हणाला, मालकांनीच दिली होती. गेल्या महिन्यात त्याला गाडी बघायला घरी बोलावलं होतं. मालक जेवायला आत गेले, त्यानं चौकातून नक्कल करून आणली. पुढे मालकांनी विकायला नकार दिला, तेव्हा नक्कल कामाला आली.

मी मालकांना ठाण्यात बोलावलं. त्यांनी मान खाली घातली. वडिलांची गाडी कधीही विकणार नाही, असं त्यांनी मुलांना शब्द देऊन सांगितलं होतं. मग एका कमजोर दिवशी दलालाला बोलावलं. ते मुलांना कळू नये, म्हणून माझ्यापासूनही लपवलं.

मी मिस्त्रीकडे वळले. तुला माहीत होतं?

"था, मॅडम। दलाल आया, उस दिन मैं गाड़ी के नीचे था।" मग जरा थांबून म्हणाला, "साहब ने बाद में मना कर दिया था ना। तो बात ख़त्म।"

स्वतःवर चोरीचा आळ, आणि हा दुसऱ्याचा एक दिवसाचा मोह झाकून बसला होता. तीसेक वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी गप्प बसणारी माणसं बघितली. गप्प माणूस काहीतरी लपवतो, हे बरोबरच. पण कुणासाठी लपवतो, हे विचारायला मला त्या दिवशी त्यानं शिकवलं.

मालक खुर्चीतून उठले. खिशातून गॅरेजच्या नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या काढल्या आणि सगळ्या ठाण्यादेखत मिस्त्रीच्या हातावर ठेवल्या.

मिस्त्रीनं एक परत केली, एक खिशात टाकली. म्हणाला, "पहले क्लैंप तो मिलें, साहब।"

मिळाले नाहीतच. शेवटी पानिपतच्या भंगारातून कापड विणायच्या जुन्या मागाची पोलादी पट्टी आणून त्यानं तिन्ही क्लॅम्प स्वतःच्या हातानं घडवले, कानासकट. खटला संपून मुद्देमाल सुटला, तेव्हा गंजलेल्या तीनपैकी एक त्यानं मला आणून दिला. माझ्या खिडकीत ठेवलाय.

तर असं आहे. रविवारी ये, वरणफळं करते. क्लॅम्प हातात घेऊन बघ. मग आपण दोघी मिळून दुकानात जाऊ, रिंग आणू. फोटो नको दाखवूस. येताना जुनी रिंग घेऊन ये.