हातची धार

माझ्या गोठ्यात पाच गाई आहेत आणि मला धार काढता येत नाही. आमच्या नेवासे तालुक्यात सकाळी निम्मं गाव कॅन घेऊन डेअरीवर उभं असतं, तिथं हे उघड बोलायची सोय नाही. म्हणून लिहून टाकतो.

येतच नव्हतं असं नाही हं. शाळेत असताना दोन गाईंच्या धारा काढून मगच दप्तर उचलायचो. पुढं गाई वाढल्या आणि पाटापलीकडच्या वस्तीवरची मावशी धारांना यायला लागली. नात्यातली नाही, पण लहानथोर तिला मावशीच म्हणतात. अठरा वर्षं ती दोन्ही वेळेला आली. आमच्याकडं गाय व्याली की चिकाचं पहिलं पातेलं तिच्या घरी जायचं. आईनं घालून दिलेला हा नेम आई गेल्यावरही चालू होता. तो मशीन आल्यावर मोडला, आणि मोडला तो मीच.

दूध काढायचं मशीन आलं त्या दिवशी बायको माहेरी शेवगावला गेलेली. पूजेला सवाष्ण हवी म्हणून मी मावशीलाच पुढं केलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, मोटारीला आणि सडांना लावायच्या चारही कपांना नीट हळदकुंकू लावलं, हात जोडले. मग मी म्हणालो, "मावशी, उद्यापासून तू आराम कर." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. हसून म्हणाली, "आन् वासराला कोन सोडील?" मी म्हणालो, "आता वासराची गरज न्हाई." काय हे बोलणं! आणि वर मशीनचा व्हिडिओ काढून गाववाल्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यात कुंकू लावणारा तिचा हात दिसतो. त्या व्हिडिओला लोकांनी भरभरून अंगठे दिले होते.

मग मला सुखाची चटकच लागली. गोठ्यात आणि फाटकावर कॅमेरे बसवले. घरापासून गोठा चाळीस पावलांवर, पण मी पांघरुणातून मोबाईलवर गाई बघायचो. मशीन लावायचं काम बायको करायची आणि मी आतून फोन करून सांगायचो, "दुसरीचा कप निसटलाय बघ." जनरेटर घे, जनरेटर घे असं ती कानीकपाळी ओरडायची. मी म्हणायचो, बघू.

गेल्या थंडीत घोडेगावच्या बाजारातून आणलेली मोठी गाय व्याली. चार दिवसांनी संध्याकाळी विजेची डीपी जळाली आणि लाईट गेली. वायरमन म्हणाला, "नवी डीपी नगरहून येनार, तीन-चार दिस धरा." त्या संध्याकाळी मी धाराच काढल्या नाहीत. येईल की लाईट, असं म्हणत मोबाईल बघत बसलो.

सकाळी मोठ्या गाईची कास ताणून चकाकत होती. ताज्या व्यालेल्या गाईचं दूध असं तुंबलं की दगडी होते. कास दगडासारखी कडक होते, दूध नासतं, सड कायमचा बसतो. हे मला पोरवयापासून ठाऊक. बादली घेऊन बसलो. पाच मिनिटांत बोटं आखडली, दहा मिनिटांत कोपरापर्यंत गोळे आले. बादलीत दोन कप चहापुरतं दूध. गाय पान्हाच सोडेना. तिला मशीनची टकटक ऐकल्याशिवाय पान्हा फुटत नव्हता. तिलाही मीच बिघडवलेलं. शेवटी तिनं लाथ झाडली आणि तेवढंही सांडलं. मी तिच्यावरच खेकसलो. बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." तिचं मनगट सुजलेलं, तरी तिनं बाकीच्या चार गाई कशाबशा मोकळ्या केल्या होत्या. मोठीला हात लावायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"मावशीला बोलवा," ती म्हणाली.

मी नाही गेलो. तीन वर्षं पारावर मावशी दिसली की मी मोबाईलमध्ये तोंड घालायचो. आता कोणत्या तोंडानं जाऊ? त्यापेक्षा यूट्यूब बरं. एकजण मोटारसायकलच्या इंजिनावर मशीन चालवताना दाखवत होता. दुपारभर मी गाडीला नळ्या जोडत बसलो. धूर भरपूर झाला, दूध काही निघालं नाही, आणि फोनची बॅटरीही संपली. गाय वैरणीला तोंड लावेना. सारखी मान वळवून कासेकडं बघायची. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी आणखी एक रात्र काढली, निव्वळ लाजेखातर. स्वतःच्या लाजेची एवढी काळजी मी गाईची केली असती तर!

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाट ओलांडून गेलो. मावशी अंगण झाडत होती. मी "लाईट न्हाई" एवढंच बोललो. तिनं झाडू ठेवला, पदर खोचला आणि माझ्यापुढं चालायला लागली.

गोठ्यात आल्यावर तिनं हाताला लावायला खोबरेल मागितलं. घरात नव्हतं. शेवटी स्वयंपाकाचं तेल दिलं. मग म्हणाली, "वासरू आन." आम्ही ते पहिल्याच दिवशी तोडून बाटलीवर घातलेलं. त्याला आई माहीत नाही, आईला ते माहीत नाही. मावशीनं वासराच्या पाठीवर मीठ चोळलं आणि गाईपुढं उभं केलं. गाय आधी हुंगत राहिली, मग चाटायला लागली. मावशी कासेला कोमट पाण्यानं शेकत तिच्याशी बोलत होती, "सोड गं बाई, सोड." आणि गाईनं पान्हा सोडला. बादलीत धार वाजली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वैरण आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

परत आलो तर ती शेवटच्या सडाशी झगडत होती. त्यातून पिवळट गाठी येत होत्या.

"कवा याली ही?" तिनं विचारलं.

"पाच-सहा दिस झालं."

ती सडातल्या गाठी काढत राहिली. चिकाचं पातेलं मला तेव्हा आठवलं. चीक आमच्या बंद फ्रीजमध्ये होता, थंडीनं टिकलेला, डब्यांत भरून, पाहुण्यांसाठी ठेवलेला. बायकोनं लगेच एक डबा काढून तिच्यापुढं धरला. मावशी म्हणाली, "र्‍हाऊ दे सूनबाई. आमाला आता त्याची सवय न्हाई राह्यली."

दुपारी डॉक्टर आले. तीन सड वाचले, चौथा गेला. म्हणाले, "काल बोलवायचं होतं कुणाला तरी."

मावशी तीन दिवस दोन्ही वेळेला आली. येताना खोबरेलाची वाटी आता स्वतःच्या घरून आणायची. एकदा मला म्हणाली, "बस, पुन्हा शिकवते. मूठ आशी धर." मी बसलो, पण तेवढ्यात डेअरीवर चार्ज करून आणलेला फोन वाजला आणि उठलो. पुन्हा तिनं म्हटलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मावशी धारा आटोपून गेली आणि मागोमाग लाईट आली. बायको म्हणाली, "मावशीला सांगून या. पहाटे उगाच हेलपाटा पडंल तिला. आन् इतक्या दिसांचं मनातलं काई तरी बोला तिच्यासंगं." मी म्हणालो, फोन करतो. मावशीचा नंबर माझ्याकडं नव्हताच. तीन वर्षांत घेतलाच नव्हता. मग म्हटलं, दिवे दिसतीलच की तिला पाटापलीकडून. आणि टीव्ही लावला.

सकाळी बायकोनं मशीन सुरू केलं. मोठ्या गाईला तीनच कप लावायचे होते. चौथ्याला बूच मारून तो तसाच लोंबत ठेवलेला. मी अंथरुणात पडून हे सगळं मोबाईलवर बघत होतो. तेवढ्यात फाटकाच्या कॅमेऱ्यात मावशी दिसली. पदर खोचलेला, हातात तेलाची वाटी. कॅमेऱ्याला आवाज नाही, पण मशीनची टकटक मला भिंतीतून ऐकू येत होती, म्हणजे तिलाही येतच असणार. ती फाटकाला हात लावून थांबली. थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं वाटीतलं तेल सांडू नये म्हणून वरून दुसरा हात धरला आणि माघारी वळली.

चाळीस पावलं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. मी उठलो नाही. ती कॅमेऱ्यातून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.