तिनं न वाचलेला शब्द

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पुढे डी.एड. झाले आणि शिक्षणसेवक म्हणून पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर दोनशिक्षकी शाळा मिळाली. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. नेमणुकीचा कागद वडिलांनी दोन दिवस देवासमोर ठेवला होता. त्यांना तो वाचता येत नव्हता. त्या कागदाला शोभेल असं काहीतरी आपल्या हातून व्हायला हवं, ही घाई मला पहिल्या दिवसापासून लागली, आणि या घाईनं मला त्या वर्षी धड स्वस्थ बसू दिलं नाही.

पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. पुस्तकातले शब्द मुलांनी कधी पाहिलेले नव्हते, आणि ती जे बोलत त्यातलं पुस्तकात काहीच नव्हतं. मी पुस्तक बाजूला ठेवलं. एक गोष्ट सांगायची, मुलांनी तिचं नाटक करायचं, जमिनीवर खडूनं चित्रं काढायची, मग तीच गोष्ट खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावायची. रोज काठी फिरवत ती वाचायची. शेवटी कागदाचे तुकडे करून शब्दांच्या चिठ्ठ्यांचा खेळ. मुलं खुशीत होती. मी नव्हते.

कारण वरच्या वर्गांचे गुरुजी, शाळेचे मुख्याध्यापकही तेच, एकदा दारात उभं राहून म्हणाले, "बाई, पोरं गोष्ट म्हणतायत, वाचत नाहीत. काठी शेवटच्या ओळीवर ठेवून बघा."

मी ठेवली. मुलांनी मोठ्यानं पहिली ओळ म्हटली.

गुरुजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण त्या दिवशी जीपमधून पेठला खोलीवर परतताना मी सारखी काच खालीवर करत होते. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, हँडल हातात येईल ना."

त्या वर्गात एक मुलगी होती, सात वर्षांची. पहिलीत तिचं दुसरं वर्ष. आदल्या साली भात झोडून झाल्यावर आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर गेली होती, आणि होळीला परत आली तेव्हा सगळं विसरून आली होती. यंदा घरात लहान भाऊ झाला होता. एके सकाळी तिचा बाप शाळेत आला. चपला बाहेर काढल्या, भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पोरीला वाचता येत असंल तर डोकरीपाशी ठेवतो. नसंल तर बागंवर नेतो. पोराला धरायला कोणीतरी पायजेच. दोन वर्षं झाली, आता सांगा."

डोकरी म्हणजे त्याची आई, मुलीची आजी. मी म्हटलं, "तुम्हीच ऐका ना."

भिंतीवर होती ती गोष्ट मीच रचली होती. कोंबडीच्या वासानं एक वाघ घरात शिरतो, धान्याच्या कणगीत लपतो, आणि म्हातारी वर बसून शेंगा सोलते. मुलांना वाघ आवडेल असं मला वाटलं होतं. मुलगी कागदापुढे उभी राहिली. स्वतःच बोट ठेवून तिनं वाचलं, "म्हातारी कणगीवर बसली." दुसऱ्या ओळीवर बोट आलं. "कणगीत..." आणि ती थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बापाकडे.

"वाच ना गं. कणगीत कोण?"

नाही. ओठ घट्ट. बापानं थोडा वेळ वाट पाहिली, चपला घातल्या. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमचा काय दोष नाय. तिच्या डोक्यातच नसंल." तो गेला. भात झोडून व्हायला आठवडा होता. तो झाला की बागांवर नेणारी गाडी येणार होती.

ती रोज तिथंच अडायची, हे मला तेव्हा आठवलं. सगळ्यांबरोबर म्हणताना कळत नसे. एकटी वाचताना दुसऱ्या ओळीत गप्प. म्हणजे एकच ओळ पाठ, असं मी धरून चालले. माझी चाचणी झाली होती आणि मी नापास होते. त्या संध्याकाळी भाजी करपली, कपडे दोनदा धुतले गेले.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा खेळ होता. चिठ्ठी उचलायची, शब्द मोठ्यानं वाचायचा, तसं करून दाखवायचं. तिनं एक चिठ्ठी उचलली, पाहिली आणि गुपचूप ढिगाच्या तळाशी सारली. दुसरी उचलली. "शेंगा," म्हणाली आणि सोलू लागली. मी जाऊन तळाची चिठ्ठी काढली. वाघ.

ढीग पुन्हा मिसळला. तिनं पाच चिठ्ठ्या वाचल्या. कणगी, कोंबडी, बसली, घर, म्हातारी. एकीतही चूक नाही. सहावी आली तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीच्या कोनाड्यात नीट उभी करून ठेवली. ती वाघाचीच होती.

"अगं, हिचं नाव काय? वाच."

तिच्या शेजारची मुलगी वैतागून म्हणाली, "बाई, ती नाय बोलायची. त्यांच्यात भाताला विळा लागला का दिवाळीतल्या वाघबारशीपर्यंत त्याचं नाव घेत नाय. तिचा बा वाघदेवाला नारळ फोडतो ना!"

"आणि तुम्ही घेता ते?"

"आमच्या घरचा नेम नाय तो."

वर्ग हसला. महिनाभर मी एका मुलीला सगळ्यांसमोर तिच्या देवाचं नाव घ्यायला सांगत होते, आणि ती नकार देत होती म्हणून तिला वाचता येत नाही असं धरून बसले होते. तो शब्द ती प्रत्येक वेळी ओळखत होती, म्हणूनच थांबत होती. आणि बाप समोर उभा असूनही त्याला हे कळलं नव्हतं, कारण कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी पाटी घेऊन तिच्या घरी गेले, जवळजवळ पळतच. अंगणात भात झोडणं चाललं होतं. मी धापा टाकत सांगायला लागले, "त्या कागदावर वाघ..."

"हळू, बाई," डोकरी म्हणाली.

"त्याचं नाव होतं," मी म्हटलं. "म्हणून ती थांबली. तिला येतं."

बापानं हातातली पेंढी खाली ठेवली. मुलीकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण तो लगेच भुलला नाही. "मला काय ठावं तिथं काय व्हतं. तुमी तिच्या बाजूच्या."

"मग तुम्ही सांगा, मी लिहिते. तिला ऐकू देऊ नका."

हे त्याला पटलं. मुलीला घरामागे पाठवलं. तो माझ्या कानाशी येऊन, हसू दाबत, एक वाक्य बोलला. मी लिहिलं. मुलगी आली, पाटी धरली. ओठ हलले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"काळी शेळी... विकायची." आणि तिनं पाटी आपटली. "नाय विकायची! बा, नाय विकायची!"

डोकरी तोंडाला पदर लावून हसली. बाप हसत नव्हता. "विकायचीच हाय," तो म्हणाला. "आमी गेल्यावं तिला चारील कोण?"

"मी चारीन."

"साळा?"

"साळंच्या आधी चारीन. मंग साळा."

तो खाली वाकून पाटीवरची अक्षरं बघत राहिला, स्वतः बोललेली, आणि बोटानं 'शेळी' या शब्दाभोवती हवेत एक फेरी मारली. शब्द ओळखून की नुसतंच, मला कळलं नाही. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिला डोकरीपाशी."

मला रडू येणार होतं. घरी कळवायचं, गुरुजींना सांगायचं, सगळं डोक्यात धावू लागलं. पण उंबऱ्यात मुलीची आई उभी होती, कडेवर पोर. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

"तुमी शिकवलंत, बरं केलंत, बाई," ती म्हणाली. "पन दिसभर मी वेलीखाली उभी आसन तवा ह्याला कोनाच्या हातात देऊ? ते पन लिवून द्या."

बाप पेंढी उचलून पुन्हा झोडायला लागला. मी पाटी काखेत घेतली, निघते म्हटलं, आणि उतारावर दोनदा थांबले.

दिवाळीला घरी, नांदगावला गेले तेव्हा आई करंज्या करत होती. मी पुऱ्या लाटायला बसले. माझा धाकटा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो तान्हा असताना आई लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि मी शाळेत.

"आई, मी शाळेत असायचे तेव्हा दादूला कोण धरायचं?"

"कोण धरणार?" कढईतून डोळे न काढता ती म्हणाली. "बांधावर ठेवायचे. रडायचा. रडून रडून झोपायचा."

मग तिनं झारा माझ्यासमोर धरला. "पुरी जरा जाड लाट. तळताना फुटतीये."